दोन दारांमधलं टेबल

रुग्णालयात सगळे त्यांना खिडकीबाई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते उच्चारायची वेळ कुणावर फारशी येत नसे. एकतीस वर्षं त्या औषधांच्या खिडकीमागे उभ्या होत्या. काचेला खालच्या बाजूला एक अर्धगोल भोक होतं. त्यातून चिठ्ठी आत यायची आणि गोळ्या बाहेर जायच्या. भोक इतकं खाली होतं की बोलायचं तर दोघांनाही वाकावं लागे, म्हणून कुणी फारसं बोलतच नसे. इतक्या वर्षांत बाईंना माणसांचे चेहरे धड आठवेनासे झाले होते, हात मात्र ओळखू यायचे. मधुमेहवाल्यांची टोचून टोचून निबर झालेली बोटं, नुकत्याच बाळंत झालेल्या पोरींचे सुजलेले हात, आणि म्हाताऱ्यांचे हात, जे गोळ्या घेतल्यावरही क्षणभर भोकातच राहायचे, आणखी काहीतरी मिळेल अशा आशेनं.

छप्पन्नाव्या वर्षी बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. उभं राहणं जमेना. त्याच सुमारास आरोग्य खात्यातून एक परिपत्रक आलं: रुग्णालयात आता एकत्रित उपचार विभाग सुरू होणार. एकाच छपराखाली डॉक्टर, वैद्य आणि व्यायाम व श्वसन शिकवणाऱ्या एक बाई. रुग्णाकडे संपूर्ण माणूस म्हणून पाहायचं, असं त्यात लिहिलं होतं. आणि या सगळ्यांत मेळ राहावा म्हणून एक समन्वयक नेमायचा.

"बसून करायचं काम आहे," कार्यालयातला कारकून म्हणाला, "तुमचं नाव घातलंय."

बाईंनी परिपत्रक दोनदा वाचलं. समन्वयकानं नेमकं काय करायचं ते त्यात कुठेच नव्हतं. घरी नवऱ्याला दाखवलं. ते शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कागद दूर धरून वाचला आणि म्हणाले, "भाषा चांगली आहे. अर्थ काढायला मात्र तुलाच बसवलेलं दिसतंय."

पूर्वी चादरी आणि गाद्या ठेवायची एक लांबट खोली होती. ती रिकामी करून तिचे तीन भाग केले. एका टोकाला डॉक्टर, दुसऱ्या टोकाला वैद्य, मागच्या बाजूला व्यायामाच्या चटया. मधे जी बोळवजा जागा उरली तिथे बाईंचं टेबल. एक पाय आखूड होता, त्याखाली जुन्या औषधाचं खोकं दुमडून घातलं होतं. उद्घाटनाला खात्यातले साहेब आले, फीत कापली, "आरोग्यातली नवी पहाट" वगैरे बोलले आणि दुसरा कार्यक्रम आहे म्हणून घाईनं निघून गेले. पहिल्या आठवड्यात लोक बाईंच्या टेबलाशी यायचे ते दोनच प्रश्न विचारायला: डॉक्टर आले का, आणि मुतारी कुठे आहे.

डॉक्टर पन्नाशीचे, हुशार, झपाट्यानं काम करणारे. सकाळी नव्वद रुग्ण तपासायचे तर प्रेमानं बोलायला सवड कुठून आणायची, हा त्यांचा सवाल खोटा नव्हता. वैद्य त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, मृदू बोलणारे, नाडीवर बोटं ठेवून पाच-पाच मिनिटं डोळे मिटणारे. दोघांच्या दारांत आठ पावलांचं अंतर होतं. ती आठ पावलं दोघांपैकी कुणी कधी चालून गेलं नाही. निरोप बाईंच्या टेबलावरून जायचे.

"त्यांना सांगा," डॉक्टर म्हणायचे, "माझ्या रुग्णाला जुलाबाचं काही देऊ नका. आधीच पाणी कमी आहे त्याच्या अंगात."

"त्यांना विचारा, ताई," वैद्य म्हणायचे, "इतक्या गोळ्यांनी त्या माणसाला भूक लागणार कशी?"

बाई दोन्ही निरोप जरा गुळगुळीत करून पोचवायच्या. एका घरात दोन जावांनी अबोला धरावा आणि धाकट्या नणंदेनं ह्या चुलीपासून त्या चुलीपर्यंत हेलपाटे घालावेत, तशी त्यांची गत झाली होती. संध्याकाळी घरी गेल्या की गुडघ्यांपेक्षा जीभ दुखते असं त्या मास्तरांना म्हणायच्या.

पिशवीची कल्पना कुणी शोधून काढली नाही, ती वैतागातून निघाली. पावाच्या भट्टीवर काम करणाऱ्या एका जाडजूड बाईंना आपण कुठल्या गोळ्या घेतो ते काही केल्या सांगता येईना. "एक पांढरी, एक पिवळी, आणि एक ती, तुम्हाला ठाऊक आहे ती." खिडकीबाई थकून म्हणाल्या, "अहो, घरात जे जे काही तोंडात घालता ते सगळं पिशवीत भरून उद्या घेऊन या. झाडपाला, तेलं, शेजारणीनं दिलेलं, काहीही. मी रागावणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी टेबलावर पिशवी उलटी केली. तेवीस जिनसा निघाल्या. रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी दोन वेगळ्या दवाखान्यांतून आली होती, आणि भट्टीवाल्या बाई दोन्ही इमानदारीनं घेत होत्या. चक्कर यायची ती म्हणून. दोन गोळ्यांची मुदत तीन वर्षांपूर्वीच संपली होती. आणि तळाशी एक चपटी पट्टी निघाली. ती उलटसुलट करून पाहिल्यावर खिडकीबाईंनी विचारलं, "ही कुणाची?"

"माझीच की. पोटासाठी."

"ही मांजराच्या जंतांची आहे."

भट्टीवाल्या बाईंनी पट्टी हातात घेऊन पाहिली. मग म्हणाल्या, "तरीच मांजर बारीक होत चाललंय." दोघी इतक्या हसल्या की वैद्य दार उघडून बघायला आले.

तेव्हापासून बाईंनी पिशवीचा नियमच करून टाकला. मंगळवारी आणि शुक्रवारी लोक पिशव्या घेऊन रांगेत बसायचे. एकेका पिशवीला अर्धा अर्धा तास लागे. खिडकीमागे ज्यांचे फक्त हात पाहिले होते ती माणसं आता पुरी समोर बसत होती. कुणाला झोप येत नव्हती, कुणाचं घरात पटत नव्हतं, कुणी गोळ्या अर्ध्या करून नवरा-बायकोत वाटून घेत होतं. बाई ऐकायच्या, लिहायच्या, मग डॉक्टरांच्या दारात, मग वैद्यांच्या दारात. काम खरं होतं. पण दिवसाकाठी अशी आठ-दहा माणसं ऐकली की आपल्या अंगात आपल्यासाठी काही शिल्लक राहत नाही, हे त्यांना तेव्हाच कळायला लागलं.

याच सुमारास इस्त्रीवाले त्यांच्या टेबलाशी आले. रुग्णालयाच्या कोपऱ्यावर त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं. डॉक्टरांचे कोट, परिचारिकांचे गणवेश, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरी एक लेक. हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून डॉक्टरांनी त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी दिली होती. दिवसभर उभं राहून गुडघे धरले होते, म्हणून गेला महिनाभर ते वैद्यांच्या दारातही दिसायचे.

त्यांनी पिशवी उघडली. तीन डब्या, एकसारख्या, झाकणं पुसलेली, कागद नीट घडी घातलेले. सगळ्या डॉक्टरांच्या.

"एवढंच?" बाईंनी विचारलं.

"एवढंच."

"आणि वैद्यांकडचं?"

"ते नुसतं लावायचं तेल आहे. ते काय आणायचं!"

बाईंना ते पटलं नाही. खऱ्या पिशव्या अशा नसतात. खऱ्या पिशवीत चुरा असतो, सुटलेलं झाकण असतं, कसलातरी वास असतो. ही पिशवी परीक्षेला आणल्यासारखी होती. त्यांनी आणखी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात कारकून धावत आला. साहेब पाहणीला आले होते आणि त्यांना आकडे हवे होते: किती रुग्ण, किती वेळ, मागच्या महिन्यापेक्षा किती जास्त. बाहेर रांगेत चौदा माणसं होती. "बरं, पुढच्या वेळी तेलही आणा हं," असं म्हणून बाईंनी इस्त्रीवाल्यांना जाऊ दिलं. वैद्यांना विचारू असं ठरवलं, आणि आकड्यांच्या गडबडीत ते राहून गेलं.

तीन आठवड्यांनी इस्त्रीवाल्यांना झोळीतून आणलं. दुकानाच्या ठेंगण्या चौकटीवर डोकं आपटलं होतं. साधा मार, एरवी टेंगूळ येऊन विसरून जावं असा. पण तासाभरात बोलणं अडखळायला लागलं, मग डावा हात लुळा पडला. मेंदूत रक्त उतरलं होतं, आणि रक्त थांबायला तयार नव्हतं. डॉक्टर वरच्या मजल्यावर धावले. तपासणीत रक्त हवं त्याच्या दुपटीहून जास्त पातळ निघालं.

बाई जिने चढून वर गेल्या तेव्हा बाहेरच्या बाकावर इस्त्रीवाल्यांची लेक बसली होती. तिच्या मांडीवर एक पत्र्याचा डबा होता. "इस्त्रीच्या टेबलामागे होता," ती म्हणाली, "बाबा म्हणायचे कुणाला दाखवू नकोस."

डब्यात वैद्यांच्या गोळ्या होत्या. तेल नव्हे, पोटात घ्यायच्या. गुडघ्यांसाठी चांगल्या, पण त्यातल्या एका मुळीनं रक्तही पातळ होतं. एरवी कुणाला काही झालं नसतं. डॉक्टरांच्या गोळीच्या जोडीला मात्र हे नको होतं. डबा घेऊन बाई खाली आल्या. जिन्याच्या वळणावर कठड्याला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. गुडघ्यांमुळे असं येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल.

मग त्या वैद्यांच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर." त्यांना घेऊन आठ पावलं चालून त्या नुकत्याच खाली आलेल्या डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या आणि डबा टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी झाकण उघडलं, बंद केलं. "मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं," ते म्हणाले.

"काय सांगितलं होतं?"

"हा पालापाचोळा खायचा असेल तर माझ्याकडे येऊ नकोस म्हणून."

वैद्यांचा चेहरा उतरला होता. "मी त्यांना विचारलं होतं, ताई. दुसरं काही औषध चालू आहे का? ते नाही म्हणाले."

"आणि त्याआधी तुम्ही काय म्हणाला होतात? आठवा."

वैद्य हळूच म्हणाले, "त्या गोळ्या माणसाला आतून पोखरतात, असं काहीतरी. दुसऱ्या रुग्णाला सांगत होतो. ते बाजूला बसले होते."

"झालं तर मग," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, चढवायला जोरच नव्हता. "एकानं धमकी दिली, दुसऱ्यानं घाबरवलं. त्या माणसाला दोघेही हवे होते. छातीही त्याचीच, गुडघेही त्याचेच. मग त्यानं दोघांशीही खोटं बोलून दोघेही ठेवले. आणि मी, मला कळलं होतं की तो लपवतोय. मी आकडे देत बसले."

डॉक्टरांनी खुर्ची मागे सारली आणि म्हणाले, "यात नेमकं काय काय आहे, ते लिहून द्याल का मला? वरच्या मजल्यावर द्यावं लागेल." वैद्यांनी लिहून दिलं. मग डॉक्टरांना त्यांचं अक्षर लागेना म्हणून स्वतःही त्यांच्याबरोबर वर गेले. पलंगाच्या दोन बाजूंना दोघे उभे राहिले, लग्नात चुकून शेजारी बसवलेल्या भांडखोर नातेवाइकांसारखे, हातांचं काय करायचं ते न कळून.

इस्त्रीवाले वाचले. डावा हात मात्र पुरता परत आला नाही. कपडा ताणून धरायचा हात तो. दोन आठवड्यांनी बोलणं सुधारलं तेव्हा बाई त्यांच्याजवळ बसल्या आणि जे विचारायला इतके दिवस धीर होत नव्हता ते विचारलं.

"मला का नाही सांगितलंत? मी रागावले असते का?"

इस्त्रीवाले छताकडे बघत होते. जड जिभेनं म्हणाले, "तुम्ही चांगल्या आहात हो, बाई. पण तुम्ही दोघांच्या मधे बसता. तुम्हाला सांगितलं की दोघांना कळणार. मग मी कुणाच्या दारात जायचं?"

बाईंना हे वाक्य फार दिवस पुरलं. त्यांना वाटायचं, आपण पूल आहोत. त्या माणसाला त्या चहाडखोर वाटल्या होत्या, आणि त्याच्या जागेवरून बघितलं तर त्याचं चूक नव्हतं.

चौकशीची बैठक झाली. साहेब अध्यक्ष. दोन तास बोलणं झालं आणि अखेर उपाय निघाला: चार पानांचा अर्ज. रुग्णानं घेत असलेलं प्रत्येक औषध लिहायचं, आणि शेवटी "मी काहीही लपवलेलं नाही" असं लिहून त्याची सही घ्यायची.

बाईंनी सबंध बैठकीत एकदाच तोंड उघडलं. "साहेब, तो सही करील आणि लपवील. भीती आहे म्हणून लपवतो. सही घेतली की भीती वाढेल."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"दोघांनी एकदम भेटावं त्याला. एका खोलीत, एका वेळी. त्याच्यासमोर एकमेकांशी बोलावं."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं पेन खाली ठेवून हिशेब केला. "दोघांचा वेळ एका रुग्णाला? म्हणजे दिवसाचे रुग्ण निम्मे. वर काय दाखवू मी?"

अर्ज छापून आला. पहिल्या पानावर तीन ठिकाणी नाव लिहायचं होतं. बाईंनी बाहेरून आज्ञा पाळली आणि आतून आपलं चालू ठेवलं: रुग्ण समोर असेपर्यंत अर्ज खणात, तो गेला की आठवून आठवून भरायचा. म्हणून रोज तासभर उशिरा घरी जायला लागल्या. मास्तर आता स्वयंपाक करायला शिकले होते. भात कधी चिकट, कधी कच्चा. बाई काही न बोलता खायच्या, आणि मास्तर काही न विचारता ताटं उचलायचे. त्यांच्यातलं बोलणं त्या वर्षात फार कमी झालं. भांडण नव्हतं. ऐकायची ताकद बाई कामावरच संपवून यायच्या.

एकदा मास्तरांनी तीन दिवस छातीत जळजळ होत असल्याचं सांगितलंच नाही. "तू दमून येतेस," म्हणाले. बाई तशाच चपला न काढता खुर्चीत बसल्या. "तुम्हीही?" एवढंच म्हणाल्या. जळजळ साधी पित्ताची निघाली, पण त्या आठवड्यात त्यांनी दोन दिवस रजा घेतली आणि मास्तरांसमोर नुसत्या बसून राहिल्या. एकतीस अधिक दोन वर्षांत त्यांनी अशी रजा घेतलेली नव्हती.

बदल झाला नाही असं नाही. एका बुधवारी डॉक्टर बाहेर आले, बाईंच्या टेबलाशी उभे राहिले आणि वैद्यांच्या दाराकडे बघत म्हणाले, "ते मोकळे आहेत का? एक बाई आल्यात, सांधेदुखीच्या. त्यांना दोन्हीकडचं चालू आहे." खिडकीबाई उठायला लागल्या. "तुम्ही बसा," डॉक्टर म्हणाले आणि स्वतः गेले.

त्यानंतर बुधवारी तीन-चार रुग्ण असे बघितले जाऊ लागले. व्यायामाच्या बाईंनाही बोलवायचे. डॉक्टरांना मृदू बोलणं जमायचं नाही. "काय काय खाता? सगळं सांगा, मी रागावत नाही," हे ते अशा आवाजात म्हणायचे की माणूस दचकायचा. वैद्य मग हसून तेच पुन्हा विचारायचे. एकदा वैद्य म्हणाले, "यांच्या गोळ्या बंद करू नका, त्या लागणारच," आणि डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. दोघांचं पटलं असं नाही. पण न पटणं आता रुग्णाच्या समोर, मोठ्यानं होऊ लागलं, आणि रुग्ण त्यात आपलंही घालू लागले.

कागदावर मात्र विभागाची तब्येत खालावत गेली. रुग्णसंख्या कमी, वेळ जास्त. खात्याच्या तक्त्यात त्यांची ओळ लाल रंगात यायला लागली. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस हुकूम आला: विभाग आठवड्यातून दोनच दिवस. वैद्यांना उरलेले दिवस दुसऱ्या रुग्णालयात. बाईंना तीन दिवस पुन्हा खिडकीवर, उंच स्टूल देऊन. त्यांनी हुकूम घडी घालून पर्समध्ये ठेवला. रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती जांभई.

इस्त्रीवाल्यांची लेक आता दुकान चालवते. ते शेजारी बसून उजव्या हातानं घड्या घालतात आणि दर बुधवारी व्यायामाला येतात. बाईंशी बोलतात, पण बेताचं. बाईही बेताचं विचारतात. इथं घाई केली तर दार पुन्हा बंद होईल, हे त्यांना पक्कं समजलं आहे.

बाईंना निवृत्त व्हायला आठ महिने राहिले आहेत. मागच्या बुधवारी पोस्टातल्या एका म्हाताऱ्या कारकुनाला तिघांनी मिळून तपासलं. पन्नास मिनिटं लागली. त्याच्या अकरा औषधांतली चार बंद झाली, एक नवीन सुरू झालं, आणि बायको गेल्यापासून तो दुपारचं जेवतच नाही हे चाळिसाव्या मिनिटाला कळलं. बाहेर तेवढ्या वेळात नऊ माणसं ताटकळली होती. बाई दार उघडून बाहेर आल्या तशी काठीवाली एक आजी कडाडली, "आत काय लग्न लागलंय का? माणसानं बसायचं तरी किती?"

बाईंनी माफी मागितली. "चूक तुमची नाही, आजी," त्या म्हणाल्या, "वेळ लागतो हो याला." आजीचं त्यानं समाधान झालं नाही आणि व्हायचं कारणही नव्हतं. बाईंनी हात देऊन तिला बाकावरून उठवलं, स्वतःचे गुडघे सावरले, आणि दोघी एकमेकींच्या आधारानं, कुरकुरत, आत गेल्या.